रंगाखालचं लोखंड

विजेच्या पॅनेलचं दार उघडलं की मामा आधी आतल्या पत्र्यावर नख घासायचे. नखाला रंग लागला की कपाळाला आठी. "रंगावर आपला भरवसा न्हाई," म्हणायचे आणि खिशातून करवतीचं जुनं पातं काढून खरवडायला बसायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल. बघा जरा, बहुतेक त्याच्याशी कुणी धड बोलत नसेल.

मामा केडगावचे, कंत्राटी इलेक्ट्रिशियन. रोज मोटरसायकलवरून रांजणगावच्या आमच्या कंपनीत यायचे. "रविवारी मशीन जळालं तरी येत न्हाई, चर्च असतं," हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोठ्या साहेबांना ऐकवलेलं. मी तिथंच पॅकिंगच्या वजनकाट्यावर. रूम कारेगावात, गावाकडं आई माझ्या पगाराची वाट बघायची.

आमच्या पाकिटं वाहणाऱ्या पट्ट्याच्या मोटरला ड्राइव्ह बसवला तो मामांनीच. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारा डबा. "लई गोंगाट्या हाय ह्यो," मामा म्हणाले. "कानाला ऐकू येत न्हाई, पर शेजारच्या काट्याच्या तारांत घुसतो. म्हणून मोटरच्या केबलवरची जाळी उघड्या पत्र्यावर पट्टीनं घट्ट दाबायची. मधी रंग नको." काटा गुमान चालला.

मग खंडेनवमी जवळ आली. पूजेच्या दोन आठवडे आधी आमच्याकडं सगळी मशीनं रंगवतात. पेंटरनं हौसेनं पॅनेलच्या आतही पट्ट्या काढून करडा रंग मारला आणि पट्ट्या रंगावर परत बसवल्या. काय चकचकीत दिसत होतं म्हणून सांगू!

रंगवलं त्याच दिवसापासून काटा नाचायला लागला. पाकिटं कमी भरली, माल परत आला. "मोटर फिरली की काटा उड्या मारतो," मी घसा कोरडा करून सांगितलं. सुपरवायझर म्हणाला, "नाचता येईना..." आणि दात काढून हसला. पूजेच्या दिवशी नारळ फुटल्यावर वर म्हणतो, "प्रसाद घे. दसऱ्यानंतर येऊ नको."

मी जिन्याखाली रडत होते. मामांनी गाठलं. "मोटर बंद केली की काटा काय करतो?"

"गप उभा राहतो."

"व्हय? मग तुझी चूक न्हाई, पोरी. चल."

आता नारळ फुटला की दसरा होईपर्यंत मशीनला कुणी हात लावत नाही. मामांनी दारावरचा झेंडूचा हार दोन्ही हातांनी उतरवून माझ्याकडं दिला, मेन स्विच बंद केला, पट्ट्या सोडल्या आणि त्या नव्याकोऱ्या रंगावर पातं चालवलं. करर्र! मोठ्या साहेबांसकट सगळी कंपनी गोळा झाली.

"मामा, आजच्या दिवशी?" सुपरवायझर ओरडला.

"हत्याराचीच पूजा ना? मग त्याचं ऐका की! ड्राइव्हच्या पुस्तकात चित्र हाय, नियम लिवलाय. कुणी वाचलाय का हितं?"

पट्ट्या उघड्या लोखंडावर आवळल्या. मोटर फिरवली. मी काट्यावर पाच किलोचं वजन ठेवलं. मोटर घुमत होती, काटा हलेना. पाच म्हणजे पाच.

सुपरवायझरचं तोंड काळं पडलं. "पूजेतल्या मशीनला हात लावलात. गेटपास जमा करा, मामा."

"करतो की! आधी हिला कामावर ये म्हणा. सगळ्यांदेखत म्हणा."

मोठ्या साहेबांनी म्हटलं. मामांचा गेटपास मात्र गेलाच, आणि आम्ही एवढी माणसं खाली बघत उभी. मला अजून त्याची लाज वाटते. गेटवर त्यांनी ते पातं माझ्या हातात दिलं आणि मोटरसायकलला किक मारली. पुन्हा काही ते दिसले नाहीत.

यंदा खंडेनवमीला पेंटर रंगाचा डबा घेऊन आला. मी पॅनेलला पाठ लावून उभी राहिले.

"ताई, सरका. सुपरवायझरनी सांगितलंय."

मी माझ्या जेवणाच्या पिशवीतून मामांचं पातं काढलं. "मग त्यालाच पाठव. म्हणावं, मामांची भाची उभी आहे."

सुपरवायझर आला नाही. पत्रा अजून उघडा आहे.