अंगठ्यांत एकच सही

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी उभी राहत होती तेव्हा मी लोखंडी गर्डर वर चढवणाऱ्या टोळीत होतो. भर उन्हाळ्यात वर चढलेल्या माणसाला प्यायला पाणी मिळेना, म्हणून आमच्या नव्या युनियनने अर्ज लिहिला: पाणी नाही तर काम बंद. टोळीतले सगळे अंगठेबहाद्दर, चौथी शिकलेला मी एकटा. कागदभर अंगठेच अंगठे आणि खाली ऐटीत माझी सही.

शहाणपण तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. आमच्या कामावरचा रशियन इंजिनियर म्हणजे कामगारांच्या राज्यातून आलेला माणूस. झेंडा आमचा लाल, त्याचाही लाल. त्याची सही असली तर नाही कोण म्हणेल? मी अर्ज घेऊन आधी त्याच्याकडेच गेलो.

"ये क्या?" त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. मागे कोणी नाही हे पाहून त्याने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि निघून गेला.

हा कागद वरच्या साहेबांकडे गेला तर अंगठे कोण ओळखणार? नाव माझं एकट्याचं. नोकरी गेलीच म्हणायची.

घरी माझं ताट तसंच राहिलेलं पाहून बायको म्हणाली, "कावून जेवून नाही राहिले?" सगळं ऐकल्यावर म्हणाली, "कोनं सांगतलं होतं तुमाले त्याच्यापाशी जाले?" मला राग आला, कारण ती बरोबर बोलत होती.

तिसऱ्या दिवशी त्याने मला बाजूला बोलावून कागद परत दिला. माझी सही तेवढी ब्लेडने नीट कापून काढलेली.

"मेरा छोटा भाई," तो हळू म्हणाला, "ऐसा कागज पर नाम लिखा. हड़ताल वाला. घर वापस नहीं आया."

माझा जीव भांड्यात पडला. पण टोळीत आलो आणि त्या भोकाकडे बघवेना. सगळ्यांचे अंगठे आहेत आणि माझंच नाव नाही, हे कसं चालेल? मागून कागद चिकटवला, सगळ्यांसमोर पुन्हा सही केली आणि अर्ज ऑफिसात दिला. साहेब चिडले, तासभर मला उभं ठेवलं. चार दिवसांनी पाण्याची टाकी आली. नोकरी जागेवरच राहिली.

पुन्हा सही केल्याचं त्या रशियनाला कोणीतरी सांगितलं असावं. पुढे कितीतरी दिवस तो सकाळी हजेरीच्या वेळी आमच्या टोळीपाशी यायचा. काम काही नसायचं. मी दिसलो की मोठा श्वास सोडायचा आणि निघून जायचा.