उरलेलं पडद्यावर

माझी आत्या बहिरी होती आणि तिला सिनेमाचं भारी वेड होतं. सत्तरच्या दशकात एग्मोरच्या आमच्या घरात या दोन्ही गोष्टींचा भार माझ्या उजव्या तर्जनीवर होता. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन.

विशीतल्या एका तापात तिचे कान गेले. बोलता तिला येत असे, पण स्वतःचा आवाज कळत नसल्यामुळे ती थिएटरात ऐन प्रसंगात ‘काय म्हणाला गे तो?’ असं ओरडून विचारी आणि पुढच्या चार रांगा वळून बघत. शेवटी आम्ही दोघींनी तोडगा काढला. अंधार झाला की ती आपला तळहात माझ्या मांडीवर ठेवायची आणि मी त्यावर बोटानं लिहायची. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. बोलणं मराठी, शाळा तमिळ. त्यामुळे पडद्यावरचं तमिळ मी मनातल्या मनात आमच्या मराठीत आणायची आणि तमिळ अक्षरांत तिच्या हातावर उतरवायची. वाक्य कळलं की ती मूठ मिटायची. मूठ उघडली की मी पुढचं लिहायची.

थिएटरबाहेर गाण्यांची पुस्तकं विकायला असत. पातळ गुलाबी कागदाची, आधी सिनेमाची कथा आणि मग गाणी. कथा मात्र नेमकी मोक्याच्या जागी थांबे आणि खाली छापलेलं असे, ‘उरलेलं रुपेरी पडद्यावर पाहा.’ दिवे मंद होण्याआधी आत्या ते पुस्तक दोनदा वाचून काढी, त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवी आणि माझ्याकडे बघून भुवया उडवी. उरलेलं सांगायचं काम माझं.

रविवारच्या त्या मॅटिन्या मला आता एकाच लांबलचक दुपारसारख्या आठवतात. बाहेर रस्ता तापलेला, आत पंख्यांची घरघर, बायकांच्या गजऱ्यांचा वास, प्रोजेक्टरच्या झोतात तरंगणारी धूळ. निळसर उजेड आत्याच्या चेहऱ्यावर हलत राही आणि वाटे, आपण सगळे पाण्याच्या तळाशी बसलोय. गाणं लागलं की मला सुट्टी. आत्या पुढच्या खुर्चीच्या लाकडी पाठीवर दोन्ही हात ठेवी आणि डोळे मिटून घेई. ठेका लाकडातून येतो म्हणे. मीही हात ठेवून बघितले, आणि खरंच येत होता. अजूनही दुपारी डुलकी लागता लागता कधीतरी तो माझ्या तळहातांना जाणवतो.

घरी मात्र तिचे हाल होते. जेवताना काही हशा पिकला की ती एकेकाच्या तोंडाकडे बघत विचारी, ‘काय झालं?’ बाबा हात हलवून म्हणत, ‘काही नाही.’ आई ‘नंतर सांगते’ अशी खूण करी, आणि ते नंतर कधी उजाडत नसे. मला त्या सगळ्यांचा संताप यायचा. एकदा मी ताटावरच भांडले, तेव्हा आत्यानं मला ओढून जवळ बसवलं आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली, ‘असूं दे गे. तू आहेस मणून मला अस्कं कळतं. अस्कं!’ अस्कं म्हणजे आमच्या बोलीत सगळं. मी फुशारून गेले होते.

मग तो एक सिनेमा आला. बाप वर्षानुवर्षं परागंदा, शेवटी म्हातारा होऊन दारात उभा राहतो आणि मुलगी त्याला ओळखत नाही. पुस्तकातली कथा त्या दारापाशीच थांबली होती. पडद्यावर बाप बोलू लागला. मी दोन अक्षरं लिहिली असतील, आणि माझं बोट थांबलं. थांबलंय हे मला कळलंसुद्धा नाही. पूर्ण थिएटर हुंदके देत होतं, त्यात मीही होते. दिवे लागले तेव्हा आत्याचा हात माझ्या मांडीवर तसाच उघडा होता.

बाहेर उन्हात आल्यावर तिनं विचारलं, ‘शेवटी काय म्हणाला गे तो?’

सिनेमा अजून डोळ्यांत होता आणि तो कुणाला सांगून मोडायचा नव्हता. मला कंटाळाही आला होता, हेही खरं. उजेडात तिला लहान वाक्यं ओठांवरून कळत. मी म्हटलं, ‘विशेष काही नाही.’

ती ‘बरं’ म्हणाली आणि छत्री उघडून माझ्या डोक्यावर धरली.

आम्ही पुढेही जात राहिलो. ती हात ठेवायची, मी लिहायची. फक्त तिची मूठ आता लवकर मिटू लागली, कधीकधी माझं वाक्य अर्धं असतानाच. घरी बाबांनी ‘काही नाही’ म्हटलं की ती अशीच पटकन मान डोलवायची. मला ते दिसत होतं, आणि मी एका शब्दानं माफी मागितली नाही. पुढे माझं लग्न झालं आणि ते रविवारही संपले.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आत्या गेली. तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत साड्यांखाली ती गुलाबी पुस्तकं होती, सगळी. प्रत्येकात त्या छापील ओळीखाली तिनं पेन्सिलीनं सिनेमाचा शेवट लिहून ठेवला होता, तमिळ अक्षरांत, आमच्या मराठीत. माझीच वाक्यं होती ती. मी तळहातावर लिहिलेली, तुटक, जशीच्या तशी.

त्या बापाचं पुस्तक मी शोधून काढलं. तो दारात काय म्हणाला हे आठवायचा मी आजवर पुष्कळ प्रयत्न केला आहे, पण मला एक शब्द आठवत नाही. पान उघडलं. छापील ओळीखाली तिचं तेच नीटस पेन्सिलीचं अक्षर होतं.

‘विशेष काही नाही.’