माशांच्या पाटीतून गेलेला निरोप

“कुत्रा मेला, बाई. पिसाळलेलाच होता,” डॉक्टर म्हणाले. “आणि ती पोर कुणाची, हे कुणालाच ठाऊक नाही.”

कुडाळच्या परवाच्या आठवडी बाजारात तो कुत्रा तिघांना चावला होता. दोघे आमच्याकडे आले. तिसरी, तांबड्या फ्रॉकमधली चिमुरडी, रडत रडत आईबरोबर गर्दीत नाहीशी झाली. हा रोग एकदा मेंदूत भिनला की औषध नाही. त्याआधी पोटात रोज सुई टोचत राहिलं तरच तेव्हा जीव वाचायचा. पोर सापडली तर जगणार, नाहीतर नाही.

गोष्ट साठच्या दशकातली. तेव्हा आमचा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी मालवणच्या दवाखान्यात हेल्थ एज्युकेशनचं संशोधन करत होते. म्हणजे आरोग्याची माहिती आयांपर्यंत कशी पोचते, की पोचतच नाही, ते शोधायचं. डॉक्टर माझे बॉस.

“हँडबिलं छापू,” ते म्हणाले.

“वाचणार कोण, साहेब?”

“मग तुमचं संशोधन काय म्हणतं?”

“मासेवाल्यांना सांगा म्हणतं.”

ते हसले. माझं पित्तच खवळलं. “पोस्टमन जात नाही त्या घरात मासेवाली जाते,” मी म्हटलं. “आणि थेट आईशीच बोलते!”

“करा काय ते.”

सकाळी किनाऱ्यावर होड्या लागल्या होत्या. भागीरथी ही तिथली जुनी मासेवाली. तिच्या शब्दाला वजन होतं. मी तिला बाजारातल्या तांबड्या फ्रॉकच्या पोरीचं सांगितलं आणि भाषण सुरू केलं: प्राणघातक रोग, वेळेवर उपचार, मातांचं कर्तव्य...

“बाई, रवा,” तिने मला थांबवलं. “चेडवाक खंय चावलो?”

“पायाला.”

“सुयेक पैशे?”

“नाहीत.”

“झाला मगे!” तिने पाटी डोक्यावर घेतली आणि हाळी दिली. “आयकलास गो? तांबडो फ्रॉक, पायाक चावलो कुत्रो, सुई फुकट मालवणाक! दारादारार इचारा!”

बघता बघता किनारा रिकामा झाला. कुणी चालत, कुणी पहिल्या एसटीने गेल्या. मी वाळूत उभीच. माझ्या भाषणातलं एकही वाक्य त्यांनी नेलं नव्हतं.

दुपारपासून दवाखान्यात झुंबड उडाली. मांजराने ओरबाडलेले आले, शेजाऱ्याच्या कुत्र्याशी भांडण असलेलेही आले. एक आजोबा म्हणाले, “माझो फ्रॉक नाय, पण कुत्रो चावलो हा.” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मी मात्र प्रत्येकाला विचारत होते, निरोप काय ऐकलात? गावं वेगळी, माणसं वेगळी, आणि शब्द तेच! आमच्या ट्रेनिंगमध्ये कानोकान दिलेलं वाक्य शेवटच्या बाकावर पोचेपर्यंत ओळखू यायचं नाही.

संध्याकाळी बायका परतल्या त्या घरी गेल्या नाहीत. थेट दवाखान्याच्या पायरीवर आल्या.

“आमच्या वाडयेत नाय, बाई.”

“नदीपलीकडे पण नाय.”

असं यायला मी सांगितलंच नव्हतं. आमच्या शास्त्रात याला फीडबॅक म्हणतात: सांगितलेलं पोचलं का, त्याचं काय झालं, हे उलट कळणं. मी ते पुस्तकात वाचलं होतं. इथे ते घामेजलेल्या बायकांनी पायऱ्या चढून आणून दिलं. खरं सांगते, त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण पोर मिळाली नव्हती. दुसऱ्या संध्याकाळीही सगळ्यांचं “नाय”.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक माणूस मुलीला खांद्यावर घेऊन आला. मागे तिची आई. गाव पार घाटाच्या पायथ्याशी. तिथे आमची एकही मासेवाली जात नव्हती. पायाची जखम सुकली होती, म्हणून घरचे निर्धास्त होते. डॉक्टरांनी लगेच सुई भरली. पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला.

इंजेक्शनं पुरी झाली. नंतरही डॉक्टर कितीतरी दिवस तिची खबर काढत राहिले. पोर ठणठणीत राहिली.

शेवटच्या सुईनंतर मंडळी निघाली, तेव्हा मी आईला विचारलं होतं, “तुला कुणी सांगितलं गं?”

ती गोंधळली. “कोणी म्हणान सांगू? न्हयर कपडे धुवूक गेलंय थंय इचारल्यांनी. गिरणीर इचारल्यांनी. देवळात इचारल्यांनी. शेवटाक सासू म्हणाली, गो, येकदा मालवणाक जावन ये. नायतर ही लोकां आमका जगाक देवची नाय!”

पुढे या विषयात मी उभी हयात घालवली. धडा एवढाच: सांगून निघून जाऊ नये. दारात उभं राहून विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नये.