दहावी प्रत

पोलादपुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. जवळच्या कापडे गावच्या एक बाई महिन्यातून दोनदा तरी येतात. प्रत्येक कागद उजेडात धरून विचारतात, "नीट दिसतंय ना गो?" मी हो म्हटलं तरी पुन्हा धरतात.

भाताची झोडणी उरकल्यावर त्यांच्या वाडीतल्या सात बायका दोन दिवस मुंबई बघायला निघाल्या. घरटी एक माणूस मुंबईत कामाला, पण ह्या कधी त्यांच्या खोलीपलीकडे गेल्या नव्हत्या. गेटवे, राणीची बाग, चौपाटी, अशी यादी बाईंनी माझ्याकडून टाइप करून घेतली. आधी काय बघावं, ते मात्र मला सांगता आलं नाही.

परवा तोच कागद चुरगळलेला घेऊन आल्या. प्रत्येक ठिकाणापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, सावली कुठे, संडास कुठे, गुडघे दुखणारीने कुठे बसावं.

"काय काय बघितलंत?"

"बघितलं गो सगळं. पन निम्मा येळ ह्येच शोधण्यात गेला. आता खालच्या वाडीतल्या बाया जातील, त्यांचा तरी जायचा नाय."

दहा प्रती काढल्या. त्यांनी एकेक उजेडात धरली, नऊ पिशवीत घातल्या आणि दहावी माझ्यापुढे सरकवली.

"ही तुझी. तू पन नाय ना गेलीस अजून?"