सगळ्यांदेखत गोळी घेणारी जीजी

जीजी गोळी घ्यायची ती ओसरीवर, रस्त्याकडे तोंड करून. पाण्याचा गडू शेजारी ठेवायची आणि मोठ्यानं सांगायची, "इंजनात तेल टाकून राह्यली हो!" तेव्हा विहिरींवर नवीनच इंजिनं आली होती, त्यामुळे गल्लीला ते लगेच कळायचं. कुणी विचारायचं, "काय जीजी, आज पळतं का इंजन?" ती गोळी गिळून, पदरानं तोंड पुसून म्हणायची, "तुह्या बैलापेक्षा बरं पळते." आमच्या डोणगावात काळजाचा आजार म्हणजे लपवायची गोष्ट. जीजीनं तो दारात मांडून ठेवला होता.

नात्यानं ती माझ्या सासूबाईंची थोरली जाऊ. नवरा नव्हता, मूलबाळ नव्हतं, समोरच्या घरात एकटी राहायची. मध्यंतरी तिनं गोळी सोडली होती, हे तीच हसत हसत सांगायची. "बरं वाटलं म्हून सोडली. मंग पाय असे फुगले का वाहना चढत नव्हत्या. बैलगाडीत निजवून मेहकरले नेलं मले. डाक्टर म्हणे, बाई, तुले बरं वाटते ते गोळीनंच वाटते ना! तवापासून मी आपली अक्कल लावत नाही. सांगतली तशी घेते."

माझं उलटं होतं. मी चौथीत असताना सांध्यांचा ताप आला आणि शाळा सुटली ती सुटलीच. त्या तापानं काळजाची झडप खराब केली, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. गोळी रोज, आणि जन्मभर. लग्नात आईनं ती पुडी माझ्या पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवली आणि कानात म्हणाली, "कोनाले दिसू देऊ नको माय, वापस धाडतीन." मग मी कुणी नसताना घ्यायची. भरल्या घरात कुणी नसतं तरी कधी? कधी घेतली, कधी राहिली. त्या घरात एवढी माणसं होती आणि माझं दुखणं ठाऊक असलेलं एकही नव्हतं. माहेरच्या वाटेकडे पाहिलं तरी भीती वाटायची, की याच वाटेनं आपल्याला परत आणून सोडतील.

एकदा मी दळत होते. जीजी येऊन समोर बसली, माझा लागलेला दम ऐकत राहिली आणि तिनं जात्याचा खुंटा धरून जातं थांबवलं. "काऊन वं, सपाट निजता येते का तुले, का दम कोंडते?"

मी जात्याभोवतीचं पीठ गोळा करायला लागले.

तिनं लगेच माझ्या नणंदेला हाक मारली, माझ्या जागी बसवलं आणि निघून गेली.

त्या भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. नैवेद्य होईपर्यंत सुनेनं पाण्याचा थेंबही तोंडात घ्यायचा नाही, अशी घरची रीत. पाहुण्यांमुळे मला पेटी उघडायलाच मिळाली नव्हती. पुरण वाटताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. तेवढ्यात जीजी आली, महालक्ष्म्यांसमोर बसली आणि तिनं आपली गोळी तोंडात टाकली.

"अवं जीजी, निवद नाही झाला अजून!" सासूबाई ओरडल्या.

"निवद तिचा आहे, गोळी माही आहे. तिनं विचारलं त मी पाहून घेईन." मला चोरून गोळी घेताना तिनं कधीतरी पाहिलं असावं. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आण वं तुही पुडी."

"कोणती पुडी?" सासूबाईंनी विचारलं.

मला वाटलं, जीजीच सांगेल. ती म्हणाली, "तिले विचारा. काळीज तिचं आहे."

सगळ्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. नाही म्हणायला अजूनही वाव होता. "माह्या काळजाची झडप खराब आहे, आत्याबाई," मी म्हणाले. "लहानपणापासून." ते वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं ऐकत होते.

"फसवलं आपल्याले," माझी मोठी जाऊ पुटपुटली.

"फसवलं असन त पहाटंपासून पुरण कोन वाटून राह्यलं वं? तुही माय?" जीजीनं विचारलं.

सासूबाईंनी एकदा महालक्ष्म्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "गिळ मंग," त्या म्हणाल्या. "पाहतं काय? पुरण राह्यलं अजून."

पुढे कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. पण माहेरी धाडलं नाही, आणि पेटीतली पुडी कोनाड्यात, मिठाच्या बरणीशेजारी आली. मी जीजीला कधी नीट धन्यवाद दिले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नव्हती, आणि मला शब्दही सुचले नसते.

नंतर यांना भिलाईत नोकरी लागली. इथे क्वार्टरच्या ओळीच ओळी आहेत आणि शेजारणींची हिंदी मला अजून अर्धीच कळते. हे ड्यूटीवर गेले की दिवसभर बोलायला कुणी नसतं. छातीत जरा धडधडलं तरी जीव घाबरा होतो. जीजी गेल्याचं मला तेरवी झाल्यावर कळलं.

गाव सोडलं त्या दिवशी ती मोटार स्टँडवर आली होती. एवढं अंतर ती कधी चालत नसे. खिडकीशी येऊन म्हणाली, "तिथं तुले गोळीचं कोनी विचारणार नाही. नाही विचारू दे. तू घेजो." मी रडायला लागले, तर रागावली, "रडतं काय वं? दम पुरवून वापर."

मोटार सुटली. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती रस्त्याच्या कडेला मातीतच बसली होती, छातीवर हात ठेवून, दम खात. मला हात हलवून दाखवण्याइतकाही दम तिच्याकडे उरला नव्हता.