दुसरी पट्टी

केंद्रात त्यांना सगळे 'गोळीवाले सर' म्हणत. व्यसन सोडवायला आलेल्यांना समजावणाऱ्या माणसाला असलं नाव म्हणजे चेष्टाच. पण तिथे कुणाचाच पूर्वेतिहास धड नव्हता. एक बाई आधी शाळेत शिकवायच्या, एक जण तुरुंगात शिपाई होता, आणि तिसरा स्वतःच दहा वर्षं दारूत बुडालेला. गोळीवाले सर सतरा वर्षं औषधाच्या दुकानात उभे होते. अक्षरशः उभे, पायांच्या फुगलेल्या शिरा त्याची साक्ष देत. "दुकान सोडून इकडे कसे?" असं कुणी विचारलं की ते म्हणत, "माणसांची दुखणी काचेपलीकडून बघून कंटाळलो." उत्तर इतकं झकास होतं की पुढचा प्रश्न कुणी विचारतच नसे. घोटून ठेवलेली उत्तरं अशीच गुळगुळीत असतात.

खरं कारण वेगळं होतं. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी, जेवणासाठी शटर अर्धं ओढलेलं असताना, एक तरुण वाकून आत आला. केस ओले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. "काका, दारू सोडून तीन आठवडे झाले," तो आधी अभिमानाने म्हणाला, "पण झोप म्हणून येत नाही. एक पट्टी द्या ना." डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. सरांना भूक लागली होती. त्यांनी गोळ्या काढल्या आणि वर मोठ्या मनाने म्हणाले, "परत हेलपाटा कशाला? दोन घेऊन जा." तो नको नको म्हणाला, मग घेऊन गेला. चार दिवसांनी, झोपेच्या गोळ्या खाऊन गेल्याच्या बातमीसोबत, त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. चौकशी दुकानापर्यंत आलीच नाही, आणि सर मूग गिळून बसले.

सहा महिन्यांत त्यांनी दुकान सोडलं, समुपदेशनाचा अभ्यास केला आणि इथे लागले. त्यांच्या हातून कितीतरी माणसं मार्गाला लागली, हे नाकारता येणार नाही. पण ओल्या केसांचं कुणी दारात दिसलं की अजूनही ते आधी त्याच्या शर्टाची बटणं बघत. सकाळी चहा घेताना बायको म्हणे, "झोपेत कुणाला 'घेऊन जा, घेऊन जा' म्हणून आग्रह करता? मला तर कधी एवढ्या प्रेमाने काही दिलं नाहीत." ते हसत आणि जीभ पोळून घेत. एवढ्या वर्षांत त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

व्यसनापायी घरचं माणूस गमावलेलेही केंद्रात मन मोकळं करायला येत. अशाच एका गुरुवारी पडदे शिवणाऱ्या एक बाई आल्या. नवरा त्यांना आणून सोडी आणि बाहेरच्या बाकावर बसून राही. आत येत नसे. बाईंनी पर्समधून फोटो काढून टेबलावर ठेवला. "हा माझा मुलगा," त्या म्हणाल्या. वर्तमानपत्रात आला होता तोच फोटो.

केंद्राचा नियम साधा होता. समोरच्याच्या दुःखाशी आपला काही संबंध असेल, तर ते काम त्याच दिवशी दुसऱ्याकडे सोपवायचं. नव्या लोकांना हा नियम सरच शिकवत. त्यांनी तो पाळला नाही. बाई आधीच दोघांकडे जाऊन आल्यात, आता आणखी कुणाकडे पाठवायचं, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे गोळ्या देणाऱ्याला आई किती शिव्या घालते, ते त्यांना ऐकायचं होतं. शिव्या खाऊन तरी सुटू, असं वाटत होतं.

बाईंनी एक शिवी दिली नाही. त्या दुकानदाराचा विषयच काढत नव्हत्या.

"एक पट्टी असती ना सर, तर म्हटलं असतं झोपायला आणली," त्या दर खेपेला म्हणत. "दोन आणल्या. म्हणजे ठरवूनच गेला. त्याच सकाळी मी त्याला टाकून बोलले होते. हेही म्हणतात, तू बोललीस म्हणून गेला."

सरांची पद्धत अशी की समोरच्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत परत म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही. त्याने माणूस मोकळा होतो. पाचव्या गुरुवारी बाई तेच बोलून थांबल्या, आणि सर सवयीने हळूच म्हणाले, "रबर लावलेल्या दोन पट्ट्या पाहिल्यात, आणि वाटलं की त्याने ठरवलंच होतं."

बाईंनी डोळे पुसायचे थांबवले.

"रबराचं मी बोलले नाही."

सरांनी समोरची वही मिटली.

"ते रबर मी उशीजवळून उचललं. पोलिसांनाही दाखवलं नाही. ह्यांनाही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं?"

अजूनही काहीतरी थाप मारता आली असती. नोकरी, नाव, इतक्या वर्षांची मेहनत, सगळं त्या थापेवर टांगलेलं होतं. सरांनी फोटोकडे पाहिलं आणि त्यांना तो ओल्या केसांचा मुलगा नको नको म्हणताना दिसला.

"मीच लावलं होतं," ते म्हणाले. "दुकानात मी होतो. त्याने एकच मागितली होती, ताई. दुसरी मी गळ्यात मारली. हेलपाटा नको म्हणून."

"एकच?"

"एकच. दुसरी नको म्हणत होता."

बाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे हलत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी फोटो उचलून पर्समध्ये ठेवला.

"तक्रार करा माझी," सर म्हणाले. "मी लिहून देतो."

"त्या दिवशी तुम्ही त्याला ओळखत नव्हता," बाई म्हणाल्या. "ते कदाचित समजून घेईन. पण मला तर पहिल्या दिवसापासून ओळखत होता ना? पाच गुरुवार मला इथे रडताना बघितलंत. एका वाक्याचं काम होतं हो."

बाईंनी पर्स खांद्याला अडकवली.

"उठा आता. माझं ऐकून बाहेर बसलेल्या ह्यांना पटणार नाही. तुमच्या तोंडून सांगा."

सर उठले. त्यांनी दार उघडलं. बाकावरचा म्हातारा, आत कुणी बोलावेल असं कधी न वाटलेला, दचकून उभा राहिला.

"दादा," सर म्हणाले, "तुमच्या मुलाला फक्त झोप हवी होती."