टाचेवरचा बिब्बा

भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हा आमचं घर म्हणजे चार लाकडी बल्ल्या आणि वर टिनं. बाप खलाशी, लोखंडी खांब दोरखंडानं वर चढवणाऱ्या गँगमध्ये. माय रेजा, डोक्यावर काँक्रीटचं टोपलं. भंडाऱ्याकडचं गाव सोडून आलो ते पोटासाठी, आणि इथं पाण्यालाही महाग झालो. टँकर मजुरांच्या कॅम्पात कुठंही थांबे. जो आधी पोचेल त्याचा पाण्याचा गुंड भरे, बाकीच्यांनी पुढच्या फेरीची वाट पाहायची. भावंडांत मी मोठी, म्हणून पळायचं काम माझं. धावणं मी असं शिकले.

दुर्गच्या कॉलेजात माझी फी माफ झाली ती या पायांमुळे. चारशे मीटर धावायचं, कॉलेजच्या संघात राहायचं, तोवर माफी. धम्माची दीक्षा घेतल्यापासून बापाचा एकच हेका होता, पोरगी शिकली पाहिजे. पण फी भरायची ऐपत नव्हती, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

पहिल्याच वर्षी वेल्डिंगच्या कांडीचा तुकडा तळव्यात घुसला. ती जखम भरली तर घोटा मुरगळला. मुरमाच्या रस्त्यावर अनवाणी धावल्यावर दुसरं काय होणार. आणि परीक्षेत इंग्रजी गेलं. चौथीपर्यंत मी मराठीत शिकले, पुढं हिंदीत, आणि कॉलेजात एकदम इंग्रजीचं ते जाड पुस्तक. एक पान वाचायला दोन दिवस लागत, तिसऱ्या दिवशी ते विसरलेलं असे. पुरवणी परीक्षेत पास झाले नाही तर वर्ष वाया, आणि नापास मुलीला माफी नाही.

त्याच पावसाळ्यात उजवी टाच दुखायला लागली. सकाळी पाय टेकवला की डोळ्यांत पाणी येई. संघाची निवड चार दिवसांवर होती.

"कावून वं, लंगडून राहिली?" मायनं विचारलं.

"काही नाई."

"काही नाई म्हणते अन् भिंत धरून चालते. बस इथं. बिब्बा लावतो."

तिनं बिब्ब्यात सुई टोचून तो चिमणीवर धरला आणि त्याचं काळं तेल टाचेवर थेंब थेंब सोडलं. वरून चुना. आमच्याकडे काट्यापासून कंबरेपर्यंत सगळ्यावर हाच इलाज, आणि तिच्या हातचा बिब्बा कधी वाया गेला नव्हता. माझ्यावर मात्र तो उतला. दोन दिवसांत पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजला, लिंबाएवढे फोड आले, आणि खाज अशी की पाय तोडून टाकावासा वाटे. निवड झाली त्या दिवशी मी टिनाखाली पडून होते.

शेजारीण बघायला आली. "बी.ए. होऊन बी टोपलंच उचलशील वं पोट्टे," ती म्हणाली. "मंग आतापासूनच उचल नं."

ते मला पटलं, हे सांगायला आज लाज वाटत नाही. कुणाला न सांगता काठी टेकत मुकादमाकडे गेले आणि म्हणाले, माझं नाव लिहा.

त्यानं पायाकडं पाहिलं. "एका पायाची रेजा घेऊन काय करू? झेंडा लावू तिच्यावर?"

तिथले सगळे हसले. मी परत निघाले आणि वाटेत पाइपांच्या ढिगावर बसून राहिले. कॉलेज गेलं होतं आणि मजुरीही मिळत नव्हती. मरावं असं वाटलं, पण त्यासाठीही उठून चालावं लागणार होतं.

मुकादमानंच मायला सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी कामावर खाडा केला, मला बसमध्ये चढवलं आणि थेट प्राचार्यांच्या खोलीत नेऊन उभं केलं.

प्राचार्य हिंदी बोलणारे. "दौड़ेगी नहीं तो माफी कैसी?" ते म्हणाले.

मायनं माझा पाय उचलून खुर्चीवर ठेवला आणि चिंधी सोडली. "हे फोड माह्या हातचे हायत साहेब. पोरीनं धावणं नाई सोडलं, मीच तिचा पाय जाळला. सजा मले द्या."

मराठी त्यांना किती कळली माहीत नाही. त्यांनी तोंड फिरवलं, मग पुन्हा पाहिलं. शेवटी म्हणाले, पुरवणीत पास झाली तर या वर्षीची माफी राहील, पण पुढच्या वर्षी धावावं लागेल.

तीन आठवडे पाय गोधडीच्या घडीवर ठेवून मी ते पुस्तक घोकलं. समजलं ते समजलं, नाही ते तसंच पाठ केलं. काठावर पास झाले.

पुढच्या वर्षी धावले. टाच दुखतच होती, ती पुढंही कधी पुरती बरी झाली नाही. निवडीत चौथी आले, संघात राहायला तेवढं पुरलं. शेवटच्या वर्षी इंग्रजी पुन्हा गेलं, तेव्हा घरूनच परत परीक्षेला बसले. पदक मला एकही मिळालं नाही. बी.ए. झाले, थर्ड क्लासमध्ये. आमच्या घराण्यातली ती पहिली पदवी.